थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे मुंबईला आरे कॉलनीत गेलो होतो. ही दूध वसाहत 1949 साली सुरू झाली. तिथे म्हशींचे मोठे गोठे आहेत आणि बाजूला जंगल आहे. जंगलात बिबटे आहेत. माझा मामा गोठ्यात कामाला आहे. एका म्हशीचं वय बघायला त्याने तिचं तोंड उघडलं. बघतो तर काय, खाली पुढचे आठ दात आणि वर एकही नाही! मला वाटलं, म्हातारी झाली म्हणून पडले. मामा हसायला लागला. सगळ्याच गाई-म्हशींना वर पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते. पण असं का, ते मामालाही ठाऊक नव्हतं. शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारलं. त्यांनी मला डार्विन यांची गोष्ट सांगितली.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचे असताना आई वारली. त्यांना किडे गोळा करायचा भारी नाद होता. एकदा दोन हातांत दोन भुंगेरे होते आणि तिसरा दिसला. तेव्हा त्यांनी हातातला एक चक्क तोंडात टाकला! त्याने असा रस सोडला की जीभ भाजली. वडिलांनी त्यांना डॉक्टरकी शिकायला पाठवलं. पण शस्त्रक्रिया बघवेना, म्हणून ते शिक्षण सुटलं.

1831 साली बीगल जहाजावरून जगप्रवासाला जायची संधी आली. वडील नको म्हणत होते. पण मामांनी त्यांची समजूत घातली. मामा असावा तर असा! हा प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला.

1833 साली दक्षिण अमेरिकेत त्यांना एका शेतावर टॉक्सोडॉन नावाच्या प्राण्याची कवटी दिसली. हा गेंड्याएवढा प्राणी पृथ्वीवरून केव्हाच नाहीसा झाला आहे. तिथली पोरं ती कवटी उभी करून दगडांनी नेम मारत. त्यात तिचे दात पडले होते. डार्विन यांनी ती 18 पेन्सला विकत घेतली. सुमारे 290 किलोमीटर लांब एका नदीकाठी त्यांना एक दात सापडला होता. तो या कवटीच्या खाचेत बरोबर बसला! हे ऐकून मी मान खाली घातली. कारण मी आणि माझ्या मित्रांनी ओढ्याकाठच्या बैलाच्या कवटीवर असेच दगड मारले होते.

त्याच वर्षी त्यांना फार जुन्या हाडांबरोबर घोड्याचा दात सापडला. युरोपातले लोक तिथे गेले तेव्हा त्या देशात एकही घोडा नव्हता. म्हणजे पूर्वी तिथे घोडे होते आणि ते नष्ट झाले. एका दाताने केवढी माहिती दिली!

पुढे वीस वर्षांहून जास्त अभ्यास करून त्यांनी 1859 साली मोठा ग्रंथ लिहिला. सजीव पिढ्यान्पिढ्या हळूहळू बदलत जातात, हे त्यांनी त्यात दाखवलं. त्यात वासराचंही उदाहरण आहे. गाईच्या पोटातल्या वासराच्या वरच्या जबड्यात दात धरतात, पण ते हिरडीबाहेर कधीच येत नाहीत. म्हणजे गाईच्या फार जुन्या पूर्वजांना वर दात होते. माझं कोडं सुटलं!

नंतरच्या शास्त्रज्ञांनी आणखी शोध लावले. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे घोडे छोटे होते. ते पाला खात आणि त्यांच्या दाढा बुटक्या होत्या. गवताने दात लवकर झिजतात. म्हणून गवत खाणाऱ्या घोड्यांच्या दाढा लाखो वर्षांत उंच होत गेल्या. बिबट्याला मांस फाडायचं असतं, म्हणून त्याचे सुळे लांब. म्हशीला रवंथ करायचा असतो, म्हणून तिच्या दाढा रुंद.

19 एप्रिल 1882 रोजी डार्विन यांचे निधन झाले.

रविवारी आम्ही ती बैलाची कवटी धुऊन शाळेत आणली. पालकांनीही ती जरूर बघावी. वर पुढे एकही दात नाही. आमच्या दगडांनी दोन दाढा मात्र पडल्या आहेत. त्या आम्ही ओढ्यात शोधत आहोत.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन.

– इयत्ता चौथी