छावण्यांचा हिशेब मागणारा सिनेटर

युद्धाच्या काळात सरकारी खर्चाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. राष्ट्र संकटात असताना हिशेब कसला मागता, असे त्याला ऐकविले जाते. वस्तुतः सार्वजनिक पैसा सर्वाधिक घाईने आणि सर्वांत कमी देखरेखीखाली खर्च होतो तो याच काळात. अमेरिकेचे ३३ वे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे नाव जगाने हिरोशिमाशी जोडले आहे. तथापि, सार्वजनिक वित्तव्यवहाराच्या अभ्यासकाला त्यांच्या आयुष्यातील त्याआधीची काही वर्षे अधिक बोधप्रद वाटतील.

ट्रुमन यांचा जन्म १८८४ साली मिसुरी राज्यातील लामार या गावी झाला. तारुण्याची बरीच वर्षे शेतीत गेली. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन होते. परतल्यावर कॅन्सस सिटीत भागीदारीत काढलेले कपड्यांचे दुकान मंदीच्या तडाख्यात १९२२ साली बंद पडले. त्यांनी दिवाळे जाहीर केले नाही. पुढे कित्येक वर्षे ते त्या दुकानाचे कर्ज फेडीत राहिले.

राजकारणात त्यांचा प्रवेश मात्र स्वच्छ दाराने झाला नाही. कॅन्सस सिटीवर त्या वेळी टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याची हुकमत होती आणि त्याच्याच पाठिंब्यावर ट्रुमन जॅक्सन परगण्याच्या कारभारात आले. रस्तेबांधणीची कामे त्यांनी सर्वांत कमी दराच्या निविदेला दिली. पेंडरगास्टच्या मर्जीतील कंत्राटदार नाराज झाले, तरी त्यांनी माघार घेतली नाही. परंतु मोठी रक्कम वाचविण्यासाठी लहानशा चोरीकडे आपण काणाडोळा केला, याची कबुलीही त्यांनी आपल्या खाजगी टिपणांत लिहून ठेवली आहे. कंत्राटातला पैसा कोणत्या वाटेने पाझरतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९३४ साली ते सिनेटवर निवडून आले. १९३९ साली पेंडरगास्ट प्राप्तिकर चुकविल्याबद्दल तुरुंगात गेला, तेव्हा ट्रुमन यांची कारकीर्दही संपली असे अनेकांना वाटले. १९४० ची निवडणूक त्यांनी निसटत्या मताधिक्याने जिंकली.

त्याच वर्षी अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. लाखो जवानांसाठी देशभर छावण्या घाईघाईने उभ्या राहू लागल्या. मिसुरीतील फोर्ट लेनर्ड वुड येथील उधळपट्टीच्या तक्रारी मतदारांनी ट्रुमन यांना कळविल्या. १९४१ च्या आरंभी ते स्वतः मोटार चालवीत निघाले आणि त्यांनी अनेक कामे पाहिली. इमारतीचे सामान पावसात आणि बर्फात कुजत पडले होते, मजूर रिकामे बसले होते. या साऱ्याचे मूळ कराराच्या पद्धतीत होते. कंत्राटदाराला झालेला सर्व खर्च सरकार भरून देई आणि त्यावर ठरलेला मोबदला देई. अशा व्यवहारात काटकसर करण्याचे कंत्राटदाराला काहीच कारण उरत नाही. हा दोष व्यक्तीच्या लोभाइतकाच कराराच्या रचनेचाही होता.

१० फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांनी सिनेटमध्ये हा प्रश्न मांडला आणि १ मार्चला चौकशी समिती नेमण्यात आली. अब्जावधी डॉलरच्या खर्चावर नजर ठेवण्यासाठी तिला मंजूर झाले अवघे १५ हजार डॉलर. समितीच्या सात सभासदांत पाच डेमोक्रॅट व दोन रिपब्लिकन होते. यादवी युद्धाच्या काळात काँग्रेसच्या एका समितीने सेनापतींच्या डावपेचांत ढवळाढवळ करून लिंकन यांना हैराण केले होते, हा इतिहास ट्रुमन यांनी वाचला होता. म्हणून युद्ध कसे लढावे याविषयी समितीने बोलायचे नाही, पैसा कसा खर्च होतो एवढेच पाहायचे, हे बंधन त्यांनी घालून घेतले. अहवाल एकमताने सादर करण्यावर त्यांचा कटाक्ष होता.

छावण्यांच्या बांधकामात आधीच्या नियोजनाचा अभाव, यंत्रसामग्रीचे भरमसाट भाडे आणि जागांची सदोष निवड समितीने उघड केली. १९४१ च्या अखेरीस लष्करी बांधकामाचे काम क्वार्टरमास्टर विभागाकडून काढून अभियंता दलाकडे देण्यात आले. समितीमुळे १० ते १५ अब्ज डॉलर वाचले, असा अंदाज नंतर सांगितला गेला. न झालेल्या खर्चाची मोजदाद काटेकोर होऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा. पण आपल्या मागे कोणी विचारणारा आहे, या जाणिवेनेच पुष्कळ पैसा वाचतो, यात शंका नाही.

या देखरेखीलाही मर्यादा होती. १९४३ साली वॉशिंग्टन राज्यातील एका प्रचंड बांधकामाची चौकशी समिती करू लागली, तेव्हा युद्धमंत्री स्टिमसन यांनी ती थांबविण्याची विनंती केली आणि ट्रुमन यांनी ती मानली. ते काम अणुबाँबचे होते. त्याची पूर्ण माहिती ट्रुमन यांना मिळाली ती एप्रिल १९४५ मध्ये, स्वतः अध्यक्ष झाल्यावर.

१९७२ साली ट्रुमन निवर्तले. त्यांनी हाताळलेला प्रश्न मात्र रूप बदलून आजही उभा आहे. आपल्या मतदारसंघातील कामासाठी, त्यात लष्करी तळांवरील बांधकामेही आली, अंदाजपत्रकात नेमका निधी राखून ठेवून घेण्याची प्रथा अमेरिकन काँग्रेसमध्ये दीर्घकाळ चालत होती. ती २०११ साली बंद करण्यात आली आणि २०२१ साली पुन्हा सुरू झाली. मात्र मागणी कोणाची हे जाहीर करण्याचे आणि त्यात आपला आर्थिक हितसंबंध नसल्याचे लिहून देण्याचे बंधन सभासदावर आले.

ही बंधने योग्यच आहेत, पण पुरेशी नाहीत. मागणाऱ्याचे नाव कळल्याने काम गरजेचे होते की नव्हते, हे ठरत नाही. आपल्या राज्यातील लहान कंत्राटदारांना कामे मिळत नाहीत, ही ट्रुमन यांचीही एक तक्रार होती. लोकप्रतिनिधीच्या मनातून मतदारसंघ काढून टाकता येत नाही आणि तसा प्रयत्न करणेही व्यर्थ होय. करता येते ते एवढेच, की काम चालू असतानाच, दोन्ही पक्षांच्या माणसांनी, जागेवर जाऊन हिशेब पाहावा. पैसा संपल्यानंतर होणाऱ्या तपासणीतून दोषी सापडतो. कुजलेले लाकूड परत मिळत नाही.