बोटं गोठली, आणि गिअर बदलला

नोव्हेंबर १९२७. उत्तर इटलीतला क्रोचे द'आउने घाट, रस्त्यावर बर्फ, आणि शर्यत चढणीला लागलेली. तेव्हा रेसिंग सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दातेरी चक्रं असायची. गिअर बदलायचा म्हणजे उतरा, विंग नट सैल करा, चाक काढा, उलटं करून परत बसवा! व्हिचेंझाचा २६ वर्षांचा तुल्लियो काम्पान्योलो उतरला खरा, पण बोटं इतकी बधिर झालेली की नट हलेचना. बाकीचे पुढे निघून गेले.

ही कंपनीने सांगितलेली गोष्ट. काही अभ्यासकांना ती थोडी रंगवलेली वाटते. घाटात मात्र तुल्लियोचं स्मारक आहे.

वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्याच्याच मागच्या खोलीत तुल्लियोची खटपट सुरू झाली. आधी क्विक रिलीज आलं, म्हणजे एक खटका फिरवला की चाक मोकळं. १९३३ मध्ये त्याने कंपनी काढली. मग आला 'काम्बियो कोर्सा', आणि हे प्रकरण भन्नाट आहे. सीटच्या मागे, चाकाशेजारच्या दांडीवर दोन लिव्हर. चालत्या सायकलवर हात मागे घालून एकाने चाक सैल करायचं, दुसऱ्याने चेन सरकवायची, आणि हे करताना पेडल उलटं मारायचं. चाक खाचेत पुढेमागे सरकून चेनचा ताण जुळवायचं. थोडं चुकलं की पडलात! पण याच गिअरवर जिनो बार्ताली १९४८ ची तूर द फ्रान्स जिंकला.

त्यानंतर १९५० च्या आसपास 'ग्रान स्पोर्ट' आला. केबलने ओढला जाणारा, चौकोनी सांगाड्याचा डिरेलर. अशी रचना त्याआधी फ्रान्समध्येही झाली होती, पण शर्यतींत ती रुळवली तुल्लियोने. पुढे १९६० च्या दशकात 'रेकॉर्ड' आणि 'न्युओव्हो रेकॉर्ड' आले. आज जुन्या सायकलींचे शौकीन याच भागांसाठी जीव टाकतात.

या सगळ्याचे शिफ्टर 'फ्रिक्शन'वाले होते. तिरक्या दांडीवरचा लिव्हर, त्याला खटके नाहीत. किती ओढायचं ते बोटांनीच ओळखायचं. म्हणूनच एका कंपनीचा लिव्हर दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरवर बहुतेक वेळा खपून जायचा. जुळवायचं काम चालवणाऱ्याचा हात करायचा.

फेब्रुवारी १९८३ मध्ये तुल्लियो गेला. पुढच्याच वर्षी जपानच्या शिमानोने खटक्यांचा शिफ्टर आणला: एक 'टिक', एक गिअर. आता लिव्हर केबल किती मिलिमीटर ओढतो आणि तेवढ्यात डिरेलर किती सरकतो, हे दोन्ही जुळलंच पाहिजे. नाहीतर चेन दोन चक्रांच्या मधेच खडखडत राहते. शिमानोचा तेव्हाचा ड्युरा-एस डिरेलर तर शिमानोच्याच इतर शिफ्टरशी नीट जुळत नाही. आणि तुल्लियोच्या कंपनीने घाईने काढलेला 'सिंक्रो' जुन्या डिरेलरवर इतका अडखळला की त्याची टिंगल झाली.

आजही जुनी सायकल जोडताना गिअर लागत नसेल, तर आधी फ्रिक्शन शिफ्टर लावून बघा. न्युओव्हो रेकॉर्डला तोच हवा असतो.