पेरलं एकानं, कापलं दुसऱ्यांनी

२०१९ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्या उन्हाळ्यात मुलीकडे, अमेरिकेत पिट्सबर्गला तीन महिने राहून आलो. शेजारी एक गृहस्थ राहत. पंचाहत्तरी ओलांडलेले, एकटे. संध्याकाळी व्हरांड्यात रेडिओवर बेसबॉलची कॉमेंटरी लावायची आणि मांडीवरच्या वहीत पेन्सिलीनं दोन रकाने भरायचे : कुणाला ठेवायचं आणि कुणाला विकायचं. त्यांचा लाडका पायरेट्स संघ त्या मोसमात घसरत घसरत गटाच्या तळाला गेला. तो नव्यानं कसा बांधावा, याच्या निदान वीस योजना त्या वहीत होत्या. मला यात परकं काही वाटलं नाही. भारतीय संघाची निवड जाहीर होते त्या दिवशी आपल्याकडेही पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येक जण निवड समितीचा अध्यक्ष असतोच की!

फरक एवढाच, की या गृहस्थांची प्रत्येक योजना एका नावापाशी येऊन थांबे. ब्रँच रिकी. आज रिकी असता तर त्यानं काय केलं असतं, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. छत्तीस वर्षं ‘ब्रँच’ म्हणजे शाखा एवढंच ठाऊक असलेल्या माझ्यासारख्याला या नावाची गंमत वाटली आणि मी गावातल्या ग्रंथालयात जाऊन या माणसाबद्दल मिळेल ते वाचू लागलो.

रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१चा, ओहायो राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. घर कमालीचं धार्मिक. रविवारी मैदानावर जायचं नाही हा नेम त्यानं आयुष्यभर पाळला. पुढे तो संघांचा कारभार पाहू लागला तेव्हा रविवारच्या तिकिटांचे पैसे मात्र तुम्हाला कसे चालतात, असं टीकाकार त्याला विचारत. खेळाडू म्हणून तो बेताचाच. आपल्या यष्टिरक्षकासारखी कॅचरची जागा तो सांभाळी. गोलंदाजाची नजर चुकवून पळणाऱ्याला चेंडू फेकून रोखणं हे कॅचरचं काम. २८ जून १९०७ रोजी रिकीच्या समोरून प्रतिस्पर्ध्यांनी एकाच सामन्यात अशा तेरा चोऱ्या केल्या! त्यानंतर दोन वर्षांनी क्षयानं गाठलं. त्यातून उठून त्यानं मिशिगन विद्यापीठातून १९११ साली कायद्याची पदवी घेतली, पण वकिली काही चालली नाही. अशिलांनी पाठ फिरवली, म्हणून हा माणूस पुन्हा बेसबॉलकडे आला.

१९१७ साली तो सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघात कारभारी म्हणून दाखल झाला. संघ कसला, कर्जबाजारी संसार! श्रीमंत संघ तयार खेळाडू विकत घेत. रिकीनं एखाद्या लहान गावातला होतकरू मुलगा हेरला, की त्या गावचा संघ त्या मुलाला अधिक पैसे देणाऱ्यालाच विकून टाकी. यावर रिकीनं जो तोडगा काढला त्यानं या खेळाचा व्यवहारच बदलला. पिकलेलं धान्य बाजारातून घेणं परवडत नसेल तर आपलं शेतच का असू नये? लहान गावांतले संघच त्यानं एकेक करून ताब्यात घेतले. तिथे मुलं वाढवायची आणि तयार झालेली वर आणायची. याला नावही ‘फार्म’ असंच पडलं. १९४०पर्यंत कार्डिनल्सच्या हाताशी असे बत्तीस संघ आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते. १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ साली या एकेकाळच्या दरिद्री संघानं वर्ल्ड सिरीज जिंकली.

बँकेतल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. आमच्याकडेही नव्या अधिकाऱ्याला आधी आडगावच्या शाखेत पाठवत. तिथे पीककर्जं देताघेता माणूस तयार होई.

रिकीचा दुसरा नियम अधिक कठोर होता. खेळाडू एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकलेला बरा. डिझी डीन हा त्याचा सर्वांत लोकप्रिय गोलंदाज. १९३७ साली त्याच्या पायाच्या बोटाला दुखापत झाली, तशीच गोलंदाजी केल्यानं खांदा गेला. पुढच्याच वर्षी रिकीनं त्याला एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर आणि तीन खेळाडूंच्या बदल्यात शिकागोला देऊन टाकलं. व्यवहार म्हणून चोख. डीन पुन्हा पूर्वीसारखा चमकला नाही.

पण त्या सहाशे जणांचं काय? करार असा असे, की मालकानं सोडल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. वरची जागा रिकामी होईल म्हणून कित्येकांची उमेद लहान गावांत वाट पाहण्यातच संपली. १९३८ साली बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी रिकीच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना मोकळं केलं ते यामुळेच. पगाराच्या बाबतीतही रिकीची मूठ सहसा सैल होत नसे.

इथे वाचताना मी थांबलो. तोट्यातली एक शाखा सावरण्यासाठी एकदा मला पाठवलं होतं. मीही दोन रकाने आखले होते. बदलीच्या रकान्यात पहिलं नाव एका जुन्या कॅशियरचं. हात संथ झालेले, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. माझी शिफारस मंजूर झाली. जाताना त्यांनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि नमस्कार करून गेले. वर्षभरात शाखा नफ्यात आली, माझी पाठ थोपटली गेली. मात्र बाजाराच्या दिवशी येणारे शेतकरी पुढे कित्येक महिने काउंटरवर त्यांचीच चौकशी करत.

माणसं मालासारखी तोलणाऱ्या या रिकीनंच पुढे अमेरिकेच्या इतिहासातलं एक मोठं काम करावं, याचं म्हणूनच नवल वाटतं. कॉलेजच्या संघाचा तरुण प्रशिक्षक असताना त्याच्या संघातल्या चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय मुलाला एका हॉटेलनं खोली नाकारली. रिकीनं भांडून त्याला आपल्या खोलीत घेतलं. रात्री तो मुलगा स्वतःच्या हातांची कातडी ओरबाडत रडत होता, ही आठवण रिकी आयुष्यभर सांगत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या संघांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. रिकी १९४२ साली ब्रुकलिनच्या डॉजर्स संघात आला आणि २८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यानं जॅकी रॉबिन्सनला बोलावलं. जवळजवळ तीन तास स्वतःच कधी हॉटेलचा उर्मट कारकून, कधी शिवराळ प्रतिस्पर्धी होऊन त्यानं त्याची परीक्षा पाहिली. उलट हात न उगारण्याचं धैर्य त्याला हवं होतं. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरला.

यात पुण्य किती आणि हिशेब किती? दोन्ही होतं. इतरांनी हात न लावलेली एक खाण त्याला दिसली होती. रॉबिन्सनच्या आधीच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, त्यानं एक डॉलरही दिला नाही. आणि तरीही, दार उघडलं ते त्यानंच.

१९५०च्या अखेरीस ब्रुकलिन सुटलं आणि एकोणसत्तराव्या वर्षी रिकी पिट्सबर्गला आला. पायरेट्स तेव्हाही तळाशीच होते. १९५२ साली ते ४२ सामने जिंकले आणि ११२ हरले! संघात लोकांना ओढून आणणारा एकच तारा, राल्फ कायनर. सलग सात मोसम होम रनमध्ये तो पहिला किंवा बरोबरीनं पहिला होता. तुझ्यासह शेवटचे आलो, तसे तुझ्याशिवायही येऊ, असं सुनावून रिकीनं त्याचा पगार कापला आणि १९५३च्या जूनमध्ये त्याला विकून टाकलं. गाव खवळलं. माझे शेजारी तेव्हा दहा वर्षांचे होते. त्या दिवशी आपण जेवलो नव्हतो आणि रिकीला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

पाच मोसमांत संघ एकदा सातवा आणि चारदा आठवा, म्हणजे शेवटचा आला. १९५५नंतर सूत्रं दुसऱ्याकडे गेली. रिकी हरला, असंच सारे समजले. पण मधल्या काळात त्यानं पेरणी केली होती. डिक ग्रोट आला, बिल मॅझरॉस्की आला, आणि रिकीच्या जुन्या डॉजर्सच्याच अंगणातून केवळ चार हजार डॉलरला रॉबर्टो क्लेमेंटे आला. १३ ऑक्टोबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकीजविरुद्ध सातव्या आणि अखेरच्या सामन्यात मॅझरॉस्कीनं चेंडू भिंतीपलीकडे मारला आणि पिट्सबर्ग १०-९नं वर्ल्ड सिरीज जिंकलं. कौतुक झालं ते मैदानावरच्यांचं. नांगरणारा केव्हाच निघून गेला होता.

१९६५च्या नोव्हेंबरमध्ये मिसुरी राज्यात एका सत्काराचं भाषण करता करता रिकी कोसळला आणि ९ डिसेंबरला त्याचं निधन झालं.

ते जुनं मैदान पुढे पाडलं गेलं. भिंतीचा एक तुकडा तेवढा राखला आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात आणि त्या सामन्याची जुनी कॉमेंटरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मी परत निघण्याआधी शेजाऱ्यांनी मला ती भिंत दाखवायला नेलं. बाकावर बसल्यावर त्यांनी वही माझ्या हातात दिली. विकायच्या रकान्यात एका जुन्या, थकलेल्या खेळाडूचं नाव लिहून खोडलेलं होतं, पुन्हा लिहिलेलं आणि पुन्हा खोडलेलं. कागद तिथे विरला होता. मी विचारलं, रिकीनं काय केलं असतं? ते हसले आणि वही मिटून म्हणाले, की आपण काही रिकी नाही.

मला माझी ती जुनी यादी आठवली. मी ती शाईनं लिहिली होती.