खाशाबांनी आधी कर्ज फेडलं



मागच्या रविवारी प्रसादाची भाजी निवडता निवडता मुलांनी ऑलिम्पिकचा विषय काढला. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं, हे एकालाही सांगता येईना. म्हणून आज पैलवान खाशाबा जाधव यांच्याबद्दल लिहितो आहोत.

सातारा जिल्ह्यात कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिम्पिकला गेले. सवय लाल मातीची, तिथे खेळायचं मॅटवर. तरी सहावे आले.

१९५२ ला हेलसिंकीला जायचं तर हातात पैसे नव्हते. सरकारदरबारी दाद लागली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले! पोटच्या मुलासाठी नव्हे बरं का, आपल्या एका विद्यार्थ्यासाठी.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं आणि ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण हारतुरे उतरल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि बक्षिसाच्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.

१९५५ ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. २७ वर्षं नोकरी करून असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. तरी पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षं!

देशाने त्यांचं देणं उशिरा दिलं. त्यांनी मात्र आपलं देणं आधी दिलं.

हे लिहिताना आम्हाला आमच्या आत्याबाई आठवल्या. आमच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी पाटल्या गहाण टाकल्या होत्या. पाटल्या आम्ही सोडवून दिल्या, पण त्यानंतर त्यांच्याकडे जाणं राहूनच गेलं. पैसे फिटले म्हणजे ऋण फिटलं असं आम्ही धरून चाललो. आता त्या थकल्या आहेत. येत्या गुरुवारी आरती झाली की आधी त्यांच्याकडे जाणार आहोत.

तुमच्या घरीही असं कोणी असेल. या आठवड्यात एकदा जाऊन या. गुरुसेवाच आहे ती.

— आपली एक सेविका, बुऱ्हाणपूर