एका हाताचा पियानोवादक



या खेपेच्या भित्तिपत्रकासाठी आम्हांला एका प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहायचे होते. बहुतेकांनी पुढारी आणि संत घेतले. मी पॉल विट्गेनश्टाइन घेतला. हे नाव धड म्हणायलाच मला दोन दिवस लागले. पण त्याला कारण आहे. आमचे तात्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. गेल्या वर्षी कडबाकुट्टीत त्यांचा उजवा हात गेला. तेव्हापासून पेटी माळ्यावर पडून आहे. गुरुजींना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी मला या माणसाची माहिती दिली.

आपल्यापैकी कुणी पियानो जवळून पाहिलेला नाही. त्याला पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण भाता नसतो. पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर आपटते. पट्ट्या एकूण ८८. डावा हात खालचे जाड सूर वाजवतो, उजवा वरचे बारीक. दोन्ही हात एकदम चालतात.

पॉलचा जन्म ५ नोव्हेंबर १८८७ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी झाला. वडील पोलादाचे मोठे कारखानदार. पैशाला तोटा नव्हता. ब्राम्ससारखे नामांकित संगीतकार त्यांच्या घरी येत. धाकटा भाऊ लुडविग पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगभर गाजला. मात्र मुलाने संगीतावर पोट भरावे हे वडिलांना मुळीच पसंत नव्हते. ते जानेवारी १९१३ मध्ये वारले आणि त्याच डिसेंबरात पॉलने व्हिएन्नात पहिला मोठा कार्यक्रम केला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

पुढे आठच महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले. पॉल सैन्यात होता. ऑगस्ट १९१४ मध्ये रशियाच्या आघाडीवर त्याच्या उजव्या कोपरात गोळी घुसली. हात कापावा लागला. तेवढ्यात ते इस्पितळच शत्रूच्या हाती पडले आणि त्याची रवानगी सैबेरियात ओम्स्क येथे झाली. हात गेला, घर गेले, वर कडाक्याची थंडी.

तेथे त्याने एक लाकडी खोके मिळवले. त्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या काढल्या आणि डाव्या हाताची बोटे त्यावर चालवू लागला. खोक्यातून सूर कुठला निघणार? सगळे वाजणे त्याच्या डोक्यातच चालायचे. उजव्या हाताचे काम डाव्यात कसे बसवायचे, हे तो तासन् तास शोधत राही. हा भाग मी तात्यांना वाचून दाखवला, तर त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

व्हिएन्नात त्याचे जुने गुरू योझेफ लाबोर होते. ते आंधळे होते. त्यांनी त्याच्यासाठी एका हाताने वाजवायची रचना केली. कैद्यांच्या अदलाबदलीत पॉल सुटून घरी आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये ती रचना त्याने लोकांपुढे वाजवली. एका हातात दोन हातांचे वाजणे कसे होते म्हणाल, तर अंगठा वरची चाल धरतो, बाकीची बोटे खालचे सूर घेतात. मध्येच हात झरकन दुसऱ्या टोकाला उडी मारतो आणि पायाखालची पट्टी दाबली की मागचा सूर घुमत राहतो. डोळे मिटून ऐकले तर दोन हात आहेत असेच वाटते म्हणे.

मग त्याने मोठमोठ्या संगीतकारांना पैसे देऊन रचना करून घेतल्या. फ्रान्सच्या राव्हेलची रचना त्याने ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात प्रथम वाजवली. ती आजही जगात वाजते. पण त्याने तीत मनाला येईल तसे फेरफार केले, त्यामुळे राव्हेल फार चिडला. रशियाच्या प्रोकोफिएव्हची रचना आवडली नाही म्हणून त्याने वाजवलीच नाही. जर्मनीच्या हिंडेमिटची तर १९२३ सालापासून तशीच बंद पडून राहिली. हे मला काही पटले नाही. पैसे दिले म्हणून गाणे कुलपात ठेवायचे का?

१९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला. पॉलचे तीन आजी-आजोबा जन्माने ज्यू होते, म्हणून त्याला जाहीर कार्यक्रमांची बंदी झाली. तो देश सोडून अमेरिकेत गेला. तेथे १९४२ मध्ये इंग्लंडच्या ब्रिटनने केलेली रचना त्याने फिलाडेल्फियात वाजवली. पुढे शिकवत आणि वाजवत राहिला. ३ मार्च १९६१ रोजी न्यूयॉर्कजवळ तो वारला.

झीगफ्रीड राप नावाचा एक जर्मन वादक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याचाही उजवा हात गेला. त्याने पॉलकडे त्या रचना मागितल्या, पण पॉलने साफ नकार दिला. तात्यांना याचे फार वाईट वाटले. ज्याचा हात गेला त्यानेच दुसऱ्या तशाच माणसाला नाही म्हणावे, हे त्यांच्या मनाला लागले. मला वाटते, पॉलला ती आपली शेवटची मिळकत वाटत असावी. रापने मात्र प्रोकोफिएव्हची रचना मिळवली आणि १९५६ साली बर्लिनमध्ये वाजवली.

हिंडेमिटच्या रचनेची प्रत पॉलच्या पत्नीच्या मृत्यूनंतर, २००२ साली सापडली. २००४ मध्ये बर्लिनलाच ती लोकांनी पहिल्यांदा ऐकली. वाजवणारा होता लिऑन फ्लायशर, ज्याच्या उजव्या हाताच्या बोटांनी कित्येक वर्षे दगा दिला होता.

(तात्यांनी काल पेटी खाली काढायला सांगितली. भाता मी मारणार आहे.)