निजामशाही दरबारातील परदेशी तबीब : गार्सिया द ऑर्ता

वाचकहो, आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या लढल्या, हे आपण जाणता. १५२४ साली बुऱ्हाण निजामशाहाचा विवाह आदिलशाही घराण्यातील बीबी मरियमशी झाला. आंदण म्हणून कबूल केलेला हा किल्ला मिळाला नाही आणि वैर पेटले. याच बुऱ्हाणशाहाच्या अहमदनगरच्या दरबारी पुढे एक पोर्तुगीज तबीब येत असे. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता.

त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी. पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर ख्रिस्ती धर्म लादला गेला. ऑर्ता वैद्यक शिकला, लिस्बनमध्ये अध्यापक झाला आणि १५३४ साली गोव्यास आला. इब्न सीनाचे ग्रंथ त्याने लॅटिनमधून वाचले होते. येथे ते अरबीतून जाणणारे हकीम भेटले. स्वतः बुऱ्हाणशाहाने त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवली आणि बदल्यात लॅटिन नावे शिकून घेतली. बादशहाने विद्यार्थी व्हावे आणि उस्तादही व्हावे, हे दृश्य मला किल्ल्याच्या लढायांहून मोठे वाटते.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात या भूमीच्या वनस्पतींवर संवाद आहेत. त्यांपैकी एक धोतऱ्यावर आहे. चोर तो अन्नात मिसळत. खाणारा हसत राहतो, पण घर लुटले जाताना त्याला शुद्ध नसते. ऑर्ता अशा रुग्णांना ओकारी करवून वाचवी.

कारण आज ठाऊक आहे. धोतऱ्याच्या बियांत अॅट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे असतात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते, माणूस बरळू लागतो; मृत्यूही ओढवतो. एका बीत हे द्रव्य किती, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दम्यासाठी घरी धोतरा देणाऱ्यांना कृपया रोखा. उलट, काही प्रकारच्या कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला इस्पितळात मोजून दिलेले अॅट्रोपीनच जीवदान देते. खुरासानी ओव्याच्या बियांतही याच जातीची द्रव्ये आहेत. फुकहा त्याला बंज म्हणतात. हनफी फुकहांनी तो औषधापुरता जायज आणि अक्कल हरपेल इतका हराम ठरवला, तो अल्कलॉइड हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी.

ऑर्ताला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते. वर्षातून दोनदा फळणाऱ्या तेथील आपल्या आंब्याचा त्याला अभिमान होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६८ मध्ये तो वारला, तोवर त्याला कोणी हात लावला नाही. पुढच्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले. १५८० साली कबर खोदून ऑर्ताची हाडे बाहेर काढली आणि तीही जाळली.