धुरंधर मास्तरांचा वर्ग

आपल्या बॅचमधल्या ज्यांनी इलिमेंटरी-इंटरमिजिएटचे पेपर दिले, त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द अजून पाठ असतील. माठावर टाकलेल्या फडक्याच्या घड्या नीट येईपर्यंत आपण रबर झिजवला. ही शिस्त मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडून महाराष्ट्रभरच्या शाळांत आली. त्याच शाळेत ज्या चित्रकाराने उभा जन्म काढला, त्या महादेव विश्वनाथ धुरंधरांबद्दल थोडं लिहिते.

धुरंधर कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. जानेवारी १८९० मध्ये ते जे. जे.त विद्यार्थी म्हणून दाखल झाले. प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. आपल्या बाळापूरहून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांना घेऊन करवून घेणारे तेच हे ग्रिफिथ्स. १८९५ साली धुरंधरांच्या ‘हं, आलीस का लक्ष्मी’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते तिथे शिक्षक झाले. वय एकोणतीस.

पदक मिळालेल्या तरुणाने नोकरी धरली म्हणजे त्याची चित्रं संपली, असं कोणालाही वाटलं असतं. माझ्या क्षेत्रात तर हे रोजचंच आहे. उत्तम कोड लिहिणारा माणूस मॅनेजर झाला की दोन वर्षांत कोड विसरतो. धुरंधरांचं उलट झालं. दिवसा वर्ग, आणि उरलेल्या वेळात पोर्ट्रेट, पौराणिक-ऐतिहासिक प्रसंग, टपालाची कार्डं, पुस्तकांतली चित्रं. किंकेड साहेबांनी आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत नेल्या, त्या १९१४ च्या पुस्तकातली चित्रं धुरंधरांचीच. लग्नाची वरात असो की बाजार, गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा उभा राहिलेला, वेगळा नेसलेला. परीक्षेत आपण ज्याला स्मरणचित्र म्हणायचो आणि ज्यात हमखास मार्क जायचे, ते त्यांच्या हातात मुरलेलं होतं. असा हात रोज समोर चालताना पाहणं हेच विद्यार्थ्यांचं मोठं शिक्षण असणार, असं मला वाटतं. सावळाराम हळदणकरांसारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकून गेले.

खटकते ती दुसरीच गोष्ट. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, मग ग्लॅडस्टन सॉलोमन. प्रत्येक साहेबाबरोबर शिकवण्याचं धोरण बदललं. बर्न्स यांचा ओढा सजावटीच्या कलेकडे, तर सॉलोमन यांनी समोर मॉडेल बसवून चित्र काढण्यावर आणि भित्तिचित्रांवर भर दिला. धुरंधर मात्र तिथेच होते, हेडमास्तर झाले, वर्ग चालवत राहिले. सरकारने १९२७ मध्ये रावबहादूर केलं, नव्या दिल्लीच्या सचिवालयासाठी चित्रं काढवून घेतली. पण संचालकाची खुर्ची साहेबांची. ती एका हिंदी माणसाला पहिल्यांदा मिळाली १९३० मध्ये, तीही हंगामी, आणि काही महिन्यांतच, ३१ जानेवारी १९३१ ला, धुरंधर निवृत्त झाले. नंतरच्या काहींनी त्यांना जुन्या वळणाचे, नुसतं हुबेहूब काढणारे ठरवलं. नवी वाट त्यांनी शोधली नाही, हे मलाही मान्य आहे. पण रेषेची जी पक्की बैठक मोडून पुढचे नवे झाले, ती बैठक अशाच वर्गांतून तयार झाली होती.

त्यांची मुलगी अंबिका हिने त्याच शाळेतून चित्रकलेची पदविका घेतली. मुलींना तिथे पाठवायची पद्धत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

१९४० मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. नाव ठेवलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. पदक, पदवी, गाजलेली चित्रं यांतलं काहीच त्या नावात नाही, आहे ती शाळा आणि तिथे घालवलेली वर्षं. चार वर्षांनी, १ जून १९४४ ला, ते गेले. अंबिकाबाईंनी पुढे कितीतरी वर्षं वडिलांची चित्रं जपून ठेवली.